वांगी रंगाची बाही

३० नोव्हेंबर १९३६, सोमवार

आत्याच्या जिभेला हाड नाही.

आज धुळ्याची मंडळी मला बघून गेली. स्थळ भिकुआत्यानेच आणलेलं — नानांची ही बहीण धुळ्याला त्यांच्याच गल्लीत राहते. मुलगा म्हणायचं, पण मुलगा कसला! पस्तिशीचे गृहस्थ. पहिली बायको गेल्या साली वारली, घरात दोन लहान लेकरं. पंडितराव नाव, कापडाचं दुकान. आले, चहा प्याले, माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग सगळा वेळ आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे. ते घड्याळ दसऱ्यापासून बंद आहे.

बोलल्या त्या त्यांच्या आई, ताईबाई. उंच, वाळलेल्या, सारख्या खोकणाऱ्या. मला म्हणाल्या, “शिवण-टिपण येतं का?” मी तोंड उघडायच्या आत आत्या — “शिवण काय घेऊन बसलात, विणते ती! स्वेटर विणते. बायकांचेसुद्धा!”

बायकांचेसुद्धा म्हणे! मी आजवर विणलं काय? मफलर, कानटोप्या, आणि गेल्या थंडीत नानांचा बिनबाह्यांचा स्वेटर. तो नाना सदऱ्याच्या आतून घालतात. का ते मला माहीत आहे. आणि स्वेटर घातलेली बाई मी अख्ख्या जळगावात एकच पाहिली — कलेक्टरची मडम, तीही टांग्यातून जाताना.

ताईबाई म्हणाल्या, “मग मला एक विणून दे. डॉक्टर सांगतात, छातीला गार लागू देऊ नका. शाल काम करताना घसरते. लोकर मी पाठवते, तुझा हात कसा आहे तेही कळेल.” आत्या माझ्याकडे बघून हसतेय, जसं काही लाडूच वळायला सांगितलेत.

नाना खूश. स्वेटर पसंत पडला की माघात उरकू, असं ठरलं. मार्चात माझी व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा आहे. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. माझ्या जिभेला नको तेव्हा हाड असतं.

१ डिसेंबर

कालचं एक लिहायचं राहिलं. माप घ्यायला ताईबाईंना मी आतल्या खोलीत नेलं. दोरीने माप घेतलं आणि दोरीला गाठी मारत गेले. छातीचं माप घेताना मलाच लाज वाटत होती, त्या मात्र खांबासारख्या उभ्या.

“फायनलला बसणार होतीस म्हणे?” त्यांनीच विचारलं. आत्याने सांगितलं असणार.

“हो. पास झाले असते तर ट्रेनिंगला जाऊन मास्तरीण व्हायचं होतं.”

“व्हायचं होतं?” म्हणाल्या. मी दोरीला गाठ मारत राहिले.

मग खोकल्या, जरा दम घेतला आणि म्हणाल्या, “मीही बिजवरालाच दिलेली. तुझ्याहून लहान होते. माप ओलांडून आत आले तोच सवतीचं पोर मांडीवर.” त्यांचे यजमान पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळलेत, हेही सांगितलं. तक्रार म्हणून नाही, भाजी महाग झाली म्हणावं तसं.

“दोरी फार आवळू नकोस. दम लागतो मला.”

बाई वाईट नाहीत. वाईट असत्या तर बरं झालं असतं.

६ डिसेंबर

लोकर आली. आत्याचे यजमान झुलाल फुवा सरकीच्या कामाने जळगावला येत-जात असतात, त्यांच्याबरोबर. वांगी रंग — अगदी भरताच्या वांग्यासारखा. कानपूरची आहे. नानांनी ते आधी विचारून घेतलं, विलायती असती तर उंबऱ्याच्या आत आली नसती.

लोकर लडीत आलेली. गुंडे करायला कोणीतरी दोन हातांवर लडी धरून बसावं लागतं. आई पोळ्या करत होती, म्हणून नानांना बसवलं. ते हात पसरून बसले, मी गुंडाळायला लागले. अर्धी लडी झाली तेव्हा लक्षात आलं — आत्ता ह्यांना उठता येणार नाही! वर्तमानपत्र धरता येणार नाही, पानाचा डबा उघडता येणार नाही.

“नाना, मी परीक्षेला बसले तर?”

नाना इकडे-तिकडे बघायला लागले. हात उचलले तर लोकरीचा गुंता होईल, हे त्यांना कळत होतं.

“आता ते सासरच्यांनी ठरवायचं.”

“सासर अजून झालंय कुठे?”

“द्वारके, गुंडाळ लवकर. हात भरून आले माझे.”

शेवटपर्यंत उत्तर दिलं नाही. पण नाहीही म्हणाले नाहीत. नाना नाही म्हणाले नाहीत की मी ते हो धरते. त्याने आजवर फायदा कधीच झालेला नाही.

८ डिसेंबर

टाके घातले. उसवले. पुन्हा घातले.

१३ डिसेंबर

विणकामाच्या पुस्तकात सगळे स्वेटर डोक्यातून घालायचे. ते मडमांना ठीक! ताईबाईंनी डोक्यातून घातला तर कपाळाचं कुंकू लोकरीला लागेल आणि अंबाडा सुटेल तो वेगळाच. तेव्हा समोरून उघडा, बटणांचा. पाठ एक, समोरचे भाग दोन, बाह्या दोन. खांद्यावर पदर येणार, तिथे जाड वीण नको. चोळीवर छातीपाशी ताण नको, म्हणून समोर थोडे टाके वाढवायचे. किती वाढवायचे ते पुस्तकात नाही. आईला विचारलं तर म्हणे, “हळू बोल, बाहेर माणसं आहेत.” बाहेर फक्त शेजारचा बैल होता.

शेवटी गाठीची दोरी गादीवर पसरली आणि अंदाजाने वाढवले. बरोबर आले! बाकी काही असो, मला बरं वाटलं.

१८ डिसेंबर

आज एक विचार आला. तो आला म्हणून मी स्वतःवर खूश आहे.

स्वेटर पसंत पडला तर माघात लग्न. नाही पडला तर? तर नाही! माझ्याच हातात आहे की. एक बाजू लांब, एक आखूड. मधेच चार टाके सोडून द्यायचे, भोकं पडतील. “आत्याने उगीच बढाई मारली, पोरीला काही येत नाही.” संपलं. नाव आत्याचं खराब होईल, तिला ती सवय आहे.

उद्यापासून बिघडवायला घेते.

१९ डिसेंबर

जमलं नाही.

एक टाका मुद्दाम सोडला. पुढे विणत गेले. तीन ओळी झाल्या, पण डोळा सारखा तिथेच. तो बिचारा टाका खाली खाली सुटत चाललेला. भाजी निवडायला बसले तर भाजीत तोच दिसतो. शेवटी हात धुऊन आले आणि सुईने ओळीओळीने वर उचलून घेतला. आता कोणी दाखव म्हटलं तर मलाही सापडणार नाही.

लग्न मोडायची अक्कल आहे, हात नाहीत! काय करावं ह्या हातांचं!

२७ डिसेंबर

नाना फैजपूरला गेलेत, काँग्रेसला. निम्मी गल्ली तिकडेच. घर कसं शांत. सकाळी भूमिती, दुपारी ओट्यावर उन्हात विणकाम. पाठ झाली, समोरचे दोन्ही भाग झाले. वीण इतकी सारखी पडलीय की आईसुद्धा म्हणाली, “हे तू केलंस?” म्हणजे काय, मोरीतल्या उंदराने केलं?

थंडी मी म्हणतेय. ताईबाईंची आठवण झाली. त्यांना आत्ताच मिळायला हवा होता.

५ जानेवारी १९३७

पहिली बाही सुरू केली. बाही मनगटापासून घालायची आणि खांद्याकडे वाढवत न्यायची. मनगटाची पट्टी एक सुलट एक उलट, घट्ट — पुस्तकात लिहिल्याप्रमाणे, म्हणजे वारा आत शिरत नाही.

१३ जानेवारी, भोगी

लिहू की नको.

सकाळी नूरबी आली, बांगड्यांची. संक्रांतीला ती दरवर्षी येते, गल्लीतल्या सगळ्या बायका तिच्याचकडे भरतात. “हाथ ढीला छोडो अक्का, ढीला,” म्हणत तिने आईला दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या भरल्या. आई खूश होती. मी तिला म्हटलं, बसलीच आहेस मोकळी तर जरा बाही घालून दाखव. पहिली बाही कालच पुरी झाली, नुसती, अजून जोडलेली नाही.

आईने हात घातला. पंजा गेला. बांगड्या आल्या आणि पट्टी अडली. आईने जरा ओढलं. कट्!

नूरबी पेटी बांधत होती ती थांबली. आईचं तोंड एवढंसं झालं. “वाढली,” म्हणाली हळूच. बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं. मग मला जे बोलली ते लिहीत नाही. नूरबीने निमूटपणे दुसरी भरली आणि निघताना आईच्या हातावरून हात फिरवला.

बरोबरच आहे! पुस्तक लिहिणारीच्या मनगटात घड्याळ असेल. बांगड्या काढून स्वेटर घालायचा आणि मग पुन्हा चढवायच्या — तिच्याकडे चालत असेल. आमच्याकडे सवाष्ण भरला हात रिकामा करत नाही. ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात येऊ नये? मी नानांच्या मनगटाचा विचार करून ताईबाईंची बाही विणली.

हे झालं. आता जे लिहायचं आहे ते पुढे आहे.

दुपारी बाही मांडीवर घेऊन बसले आणि कळलं, हेच तर मला हवं होतं. विणकाम बिनचूक. एक टाका सुटलेला नाही, कोणी नाव ठेवणार नाही. फक्त मनगट घट्ट. ताईबाई धुळ्याला चारचौघींसमोर घालतील आणि होणाऱ्या सुनेच्या हातचं पहिलं वस्त्र अंगात घालताना बांगडी वाढेल. असं लग्न धुळ्यात काय, कुठेच होत नाही. कोणी कारण विचारणार नाही, कोणी समजूत घालणार नाही. मला काही करायचं नाही. फक्त उसवायचं नाही.

तासभर बसले तशी. आईला वाटलं रडतेय. रडत नव्हते.

१४ जानेवारी, संक्रांत

उसवली.

मनगटापासून घातलेली बाही मनगटाकडून उसवत नाही, खांद्याकडूनच सुटत येते. म्हणजे अख्खी. बरं झालं, मधेच मन बदलायला जागा नव्हती.

त्या बाईचा नवरा अंथरुणावर आहे. रोज सकाळी ती स्वतःच्या हातांकडे कशी बघत असेल! त्या हातातली बांगडी माझ्या लोकरीने फोडायची? मला नाही जमत. मग होऊ दे लग्न. भूमितीची वही शेजारच्या सुनंदाबाईंच्या मुलीला देऊन टाकीन. तिला प्रमेयं येत नाहीत.

हे लिहिलं आणि रडू आलं. तीळगूळ खाताना रडू नये म्हणतात, म्हणून आधी डबा लावून टाकला.

१९ जानेवारी

नवी बाही पहिल्यापासूनच रुंद घातली. मनगटाला सुलट-उलटची पट्टीच नाही, साधी किनार, आणि बाजूला फट ठेवून एक बटण. हात घालताना उघडायची, मग लावायची. आईच्या दोन्ही हातांत घालून बघितली, पुन्हा पुन्हा. एकही बांगडी अडत नाही. आई म्हणाली, “आता यात माझी मूठपण जाईल.” गेलीसुद्धा.

२८ जानेवारी

झाला. दुसरी बाही, जोडकाम, शिंपल्याची बटणं, सगळं. मी आरशासमोर घालून बघितला. मला मोठा होतो, तरी इतका छान दिसत होता की काढावासा वाटेना. एवढं सुंदर काम मी आयुष्यात केलं नाही, आणि त्यानेच माझं आयुष्य खलास! हसू आलं मला. खरंच आलं.

झुलाल फुवा उद्या घेऊन जातील.

६ फेब्रुवारी

लग्न मोडलं!

फुवा दुपारी आले. टोपी न काढताच ओट्यावर बसले, नानांना म्हणाले, “जमत नाही म्हणताहेत.” मी दाराआड. स्वेटर घालून बघितला आणि ताईबाईंची बांगडी वाढली.  ताईबाईंनी स्वतःच सांगितलं, म्हणे, “हा कौल समजा. यंदा कर्तव्य नाही.” पंडितराव तर एवढंच म्हणाले की बरं.

  मग नानांनी विचारलं, “बाही घट्ट होती?” फुवा म्हणाले, “असेल. बायकांचं काम, मी बाहेर होतो.”

मी मागच्या अंगणात गेले आणि विहिरीच्या कठड्याला धरून उभी राहिले.  आनंदाने! खोटं कशाला लिहू? छातीवरचा पाटा उचलावा तसं वाटलं. माघ येईल आणि जाईल, मी इथेच असेन. मार्च येईल!

संध्याकाळी नाना आपणहून म्हणाले, “फी कधी भरायची असते?” मी सांगितलं. एवढंच बोलणं झालं. मी त्यांना चहा करून दिला, दूध जास्त घालून.

७ फेब्रुवारी

आनंद पुरता एक दिवससुद्धा टिकू दिला नाही मनाने.

बाही सैल होती! आईची मूठ जात होती. मग कशी वाढली? ताईबाईंचे हात आईपेक्षा वाळलेले. बटण उघडायचं विसरल्या? पण बटण लावूनही हात जातो, मी बघितलंय. की धुळ्याला नेताना लोकर आवळली? लोकर अशी आवळत नाही.

मनात आणलं होतं मी. तासभर आणलं होतं. मागाहून उसवलं, हे कोणाला माहीत?

आईला विचारलं, ताईबाईंच्या यजमानांचं कसं आहे काही कळलं का? आई म्हणाली, “तुला काय करायचंय आता?”

१५ फेब्रुवारी

गल्लीत झालंच आहे — द्वारकाच्या हातचं घातलं की बांगडी वाढते. दोन बायकांनी मफलरसाठी दिलेली लोकर परत नेली. बरं झालं, अभ्यासाला वेळ मिळतो. आईला मात्र वाईट वाटतं. ती सगळ्यांना बाही किती सैल होती ते सांगत सुटली आहे. कोणी ऐकत नाही.

३० मार्च

परीक्षा झाली. भूमिती उत्तम. इतिहासात दोन सनावळ्या चुकल्या. आज जेवून झोपले ती चार वाजता उठले, आणि उठून काही करायचं नव्हतं. असा सुखाचा दिवस कधी उगवला नव्हता.

६ मे

पास! नानांनी ओट्यावरून तीन घरांना ऐकू जाईल असा निकाल वाचला. ट्रेनिंगचा अर्जही त्यांनीच आणला. सगळं मनासारखं होतंय. फक्त सुया ट्रंकेत तळाशी ठेवल्या आहेत, हात लावत नाही. वांगं चिरतानाही ताईबाईंचा हात आठवतो.

१३ मे, आखाजी

आत्या अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणाला आली. सगळ्यांत आधी माझ्या अंगावरच आली — मी तिला मान खाली घालायला लावली म्हणून. मग दुपारी झोक्यावर बसली आणि जरा निवली. ताईबाईंचे यजमान आता काठी टेकत ओट्यावर येऊन बसतात, म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.

मग मी धीर करून विचारलं, बाही कुठे अडली?

“अडली? कोण म्हणतं? बठ्ठं मन्हा समोर व्हयनं, माझ्या डोळ्यांदेखत. बाही सुळकन गेली. बटणं लावली, आरशात बघितलं, लोकरीवरून किती वेळ हात फिरवत बसली. मला विचारलं, पोरीची परीक्षा कधी शे. मार्चात, म्हटलं. मग उठली नि जाता जाता चौकटीवर हात आपटला, तेव्हा वाढली बांगडी. चाळीस वर्षं त्या दारातून ये-जा करते, आंधळी शे का ती?”

मी आत्याला झोका दिला.

बाही सैल होती.